लायसन्स संपलेली धरणं

  कोणी लोकलमध्ये लटकून ऐकत असेल, कोणी भांडी घासता घासता, कोणी ऑफिसात बॉसचा डोळा चुकवून. कुठेही असा, आज जरा लांब जायचंय. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर.

तिथे क्लॅमथ नावाची नदी आहे. ओरेगन राज्यात एका मोठ्या सरोवरातून निघते, डोंगर फोडत कॅलिफोर्नियात येते आणि प्रशांत महासागराला मिळते. लांबी साधारण 400 किलोमीटर. 2023 आणि 2024 या दोन वर्षांत या नदीवरची चार धरणं पाडली. फुटली नाहीत हं, पाडली. ठरवून, परवानगी काढून, पैसे मोजून. अमेरिकेच्या इतिहासात धरणं काढायचं इतकं मोठं काम आधी झालं नव्हतं.

बातम्यांत हे सगळं 'एका माशासाठी' असं येतं. सॅमन माशासाठी. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मी या विषयात शिरलो तो माशामुळेच, आणि अडकलो मात्र एका कागदावर. धरणाच्या लायसन्सवर. हो, तिथे खासगी वीज कंपनीच्या धरणाला लायसन्स असतं आणि त्यावर मुदतीची तारीख असते. ही गोष्ट त्या तारखेची आहे. पण आधी मासा.

तुम्ही कोकणातले असाल तर हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. पहिला जोरदार पाऊस झाला की मासे उलटे, प्रवाहाविरुद्ध, ओढ्यांत आणि शेतांत चढतात. वलगण. चढणीचे मासे. अंडी घालायला वर जातात आणि लोक कंदील, टोपल्या घेऊन त्यांच्या मागे जातात. सॅमन हा असाच चढणीचा मासा, फक्त त्याची चढण शेकडो किलोमीटरची. जन्म डोंगरातल्या थंड ओढ्यात, गोट्यांच्या खाली. पिल्लू बोटाएवढं झालं की नदीबरोबर खाली समुद्रात. तिथे काही वर्षं खाऊन पिऊन धष्टपुष्ट व्हायचं आणि मग परत त्याच नदीत, बऱ्याचदा त्याच ओढ्यात यायचं. रस्ता कसा सापडतो? वासावरून. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला स्वतःचा वास असतो आणि लहानपणी तो माशाच्या मेंदूत बसलेला असतो.

नदीत शिरल्यावर तो खाणं बंद करतो. अंगातल्या चरबीवर चढतो. मादी शेपटीने गोटे उडवून खड्डा करते, अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत दोघंही मरतात. चिनूक जातीचा सॅमन आयुष्यात एकदाच अंडी घालतो. मग अस्वलं, गरुड, किडे त्याचं शरीर खातात, उरलेलं मातीत जातं. समुद्रातून आलेलं नायट्रोजन त्या नदीकाठच्या झाडांत सापडतं. म्हणजे समुद्र दरवर्षी आपल्या पायांनी, सॉरी, आपल्या कल्ल्यांनी डोंगर चढून जंगलाला खत घालून जातो. मला हा भाग वाचताना पुस्तक बाजूला ठेवावं लागलं होतं.

क्लॅमथ ही एकेकाळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची तिसऱ्या क्रमांकाची सॅमन नदी होती. कोलंबिया आणि सॅक्रॅमेंटोनंतरची. तिच्या काठावर यूरोक, कारुक, हूपा, शास्ता आणि वर सरोवराकाठी क्लॅमथ हे मूळनिवासी लोक राहतात. सॅमन हे त्यांचं रोजचं जेवण, सण, उत्पन्न, सगळं. आपल्याकडे भाताशिवाय कोकणाची कल्पना करून बघा, तसं.

मग धरणं आली. 1918 मध्ये कॉप्को क्रमांक 1. 1925 मध्ये कॉप्को क्रमांक 2. 1958 मध्ये जे. सी. बॉईल. आणि 1962 मध्ये सगळ्यात खालचं, आयर्न गेट. नावच बघा, लोखंडी फाटक. समुद्रापासून साधारण 300 किलोमीटरवर, पन्नासेक मीटर उंचीचा मातीचा बांध. माशांना वर जायला शिडी नाही. धरणाच्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा जिना करतात, त्याला फिश लॅडर म्हणतात, तो इथे नव्हता. मासा समुद्रातून एवढं अंतर पोहून यायचा आणि फाटकावर डोकं आपटून थांबायचा. वरच्या बाजूला 600 किलोमीटरहून जास्त नदी आणि ओढे होते, जिथे त्याच्या पूर्वजांनी अंडी घातली होती. ते सगळं बंद.

आता तुम्ही म्हणाल, धरण पाडलं तर शेतीचं काय, प्यायच्या पाण्याचं काय? बरोबर प्रश्न आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला धरण म्हणजे पाणी. जून कोरडा गेला की आपण पेपरात आधी धरणाची टक्केवारी बघतो. म्हणून हे नीट ऐका: ही चारही धरणं फक्त विजेसाठी होती. त्यांतून शेतीला कालवा निघत नव्हता, शहराला पाणी जात नव्हतं, पूर अडवायला ती बांधलेली नव्हती. आणि वीज तरी किती? चारही मिळून सुमारे 160 मेगावॉट. आपल्या कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट आहे, म्हणजे तिचा बारावा हिस्सा. ज्या पॅसिफिकॉर्प कंपनीची ही धरणं होती, तिच्या एकूण विजेत यांचा वाटा 2 टक्क्यांहूनही कमी. तेव्हा लगेच जायकवाडी डोक्यात आणू नका, तो वेगळा भाग होईल.

धरणाने मासा फक्त अडवला असता तर एक वेळ ठीक होतं. पण साठलेलं पाणी उन्हात तापायचं आणि त्यात निळं-हिरवं शेवाळ माजायचं. ते विषारी. उन्हाळ्यात पाण्याला हात लावू नका असे फलक लागायचे, आणि हेच पाणी खाली नदीत यायचं. शरदात, म्हणजे नेमका सॅमन चढायच्या वेळी, बाकी नद्या थंड व्हायला लागलेल्या असताना जलाशयाखालचं पाणी मात्र कोमट राहायचं. एवढं मोठं भांडं थंड व्हायला वेळ लागतोच. त्यात आणखी एक भानगड. नदीच्या तळाशी एक बारीक कृमी राहतो, त्याच्या अंगात सॅमनच्या पिल्लांना मारणारा परजीवी वाढतो. मोकळ्या नदीत पूर येतात, गोटे गडगडतात, तळ घासून निघतो, कृमी वाहून जातो. धरणाखाली तळ हलतच नाही. कृमीला आयती वसाहत, आणि वर चढू न शकलेले सगळे मासे त्याच वसाहतीच्या दारात गर्दी करून.

आणि मग 2002 चा सप्टेंबर आला.

त्याच्या आदल्या वर्षाचं आधी सांगतो, नाहीतर अर्धीच बाजू कळेल. नदीच्या वरच्या अंगाला, या चार धरणांच्याही वर, मोठं सरकारी सिंचन क्षेत्र आहे. तिथल्या बऱ्याच जमिनी महायुद्धांतून परत आलेल्या सैनिकांना दिलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लोणच्याच्या बरणीतून चिठ्ठ्या काढून जमिनीचं वाटप झालं. खरंच, लोणच्याची बरणी! त्या कुटुंबांना सरकारने शब्द दिला होता की जमिनीबरोबर पाणी मिळेल. 2001 मध्ये मोठा दुष्काळ पडला. धोक्यात आलेले मासे वाचवण्याच्या कायद्याखाली सरकारने बहुतेक शेतांचं पाणी बंद केलं. पिकं वाळली. हजारो लोकांनी क्लॅमथ फॉल्स गावात एकामागे एक उभं राहून हातोहात पाण्याच्या बादल्या पुढे देत निषेध केला. पुढच्या वर्षी शेतीला पाणी सोडलं. नदीत कमी उरलं.

त्या सप्टेंबरला सॅमन भरपूर आले होते. खालच्या नदीत पाणी उथळ, कोमट, मासे दाटीवाटीने. कल्ल्यांचा रोग पसरला आणि काही दिवसांत निदान 34,000 मोठे मासे मेले. अधिकृत आकडा हा, प्रत्यक्षात याहून बरेच जास्त असावेत असं अनेकांचं म्हणणं आहे. सगळे अंडी घालायच्या आधीच. किनाऱ्यावर थर लागले, किलोमीटरच्या किलोमीटर वास.

एमी कॉर्डालिस नावाची यूरोक मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि सुट्टीत जमातीच्या मत्स्य विभागात काम करत होती. तिने ते मेलेले मासे पाहिले, पुढे ती वकील झाली आणि यूरोक जमातीचा खटला लढवणाऱ्यांत आली. तिच्या घराण्यात कोर्टाची पायरी नवी नव्हती. तिच्या आधीच्या पिढीतल्या रेमंड मॅट्झ यांची मासेमारीची जाळी 1969 मध्ये राज्याच्या वॉर्डनने जप्त केली होती. नदी यूरोकांच्या राखीव जमिनीतून वाहते, तरी तिथे जाळं टाकायला बंदी! ते भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1973 मध्ये जिंकले. हक्क मिळाला. मग नदीत मासाच राहिला नाही. मला वाटतं, या लोकांच्या रागाचं मूळ इथे आहे. हक्काचा कागद हातात आणि जाळं रिकामं.

आता तो दुसरा कागद. धरणांचं लायसन्स.

ते 1956 पासून 50 वर्षांसाठी दिलं होतं. संपणार 2006 मध्ये. 50 वर्षांपूर्वी सही करताना कोणी माशांचा विचार केला नव्हता, पण नूतनीकरणाच्या वेळी मधल्या काळातले सगळे पर्यावरणाचे कायदे लागू होणार होते. तुमच्या जुन्या गाडीसारखं. घेतली तेव्हा पीयूसी वगैरे काही नव्हतं, पण पुन्हा पासिंगला नेली की आजचे नियम. सरकारच्या मत्स्य खात्यांनी सांगितलं: नवीन लायसन्स हवं असेल तर माशांसाठी शिड्या बांधा, पिल्लं टर्बाइनमध्ये जाऊ नयेत म्हणून जाळ्या बसवा. कंपनी त्याविरुद्ध भांडली, हरली. मग हिशेब मांडला गेला. म्हाताऱ्या धरणांना शिड्या लावायचा खर्च एवढा की वीज विकून तो निघेना. पाडणं स्वस्त.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. फक्त भावनेने हे झालं नाही आणि फक्त हिशेबानेही झालं नाही. हिशेब जमातींच्या बाजूने झुकला कारण त्यांनी तो झुकवला. त्यांनी स्वतःचे शास्त्रज्ञ नेमले, पाण्याचे नमुने घेतले, माशांची मोजणी केली, प्रत्येक सुनावणीला हजर राहिले. कंपनी तेव्हा स्कॉटिश पॉवरच्या मालकीची होती, म्हणून 2004 मध्ये ही मंडळी थेट स्कॉटलंडला, भागधारकांच्या सभेला गेली. स्कॉटिश माणसाला सॅमन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही! त्यानंतर कंपनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या ताब्यात गेली, तर हे ओमाहाला, तिथल्या सभेला. बाहेर निदर्शनं, आत प्रश्न.

2010 मध्ये करार झाला. वाटलं झालं काम. पण सोबतचा पाणीवाटपाचा करार अमेरिकन काँग्रेसने मंजूर केलाच नाही आणि 2015 च्या शेवटी तो बाद झाला. शेतकरी, जमाती, मच्छीमार अशा एकमेकांशी भांडलेल्या लोकांनी कित्येक वर्षं एका टेबलावर बसून लिहिलेला कागद. मला या सगळ्या गोष्टीत सर्वात वाईट तिथे वाटतं. धरणांचा भाग तेवढा वाचवला. 2016 मध्ये नव्याने सह्या झाल्या, धरणं ताब्यात घेऊन पाडण्यासाठी एक वेगळी ना-नफा संस्था उभी केली. खर्च सुमारे 45 कोटी डॉलर. त्यातले 20 कोटी वीजग्राहकांच्या बिलातून, 25 कोटी कॅलिफोर्नियाच्या जल-रोख्यांतून. शेवटची परवानगी मिळाली नोव्हेंबर 2022 मध्ये. माशांच्या त्या मरणाला तेव्हा 20 वर्षं झाली होती.

धरण पाडतात कसं? मला वाटायचं सुरुंग लावला की संपलं. तसं नसतं. आधी पाणी हळूहळू उतरवायचं, बोगद्यातून. कॉप्को 2 छोटं होतं, ते 2023 मध्येच काढलं. बाकी तीन जलाशय 2024 च्या जानेवारीत रिकामे करायला सुरुवात झाली. कॉप्को 1 च्या पायाशी मात्र खरंच स्फोट करून भोक पाडावं लागलं. जानेवारीच का? कारण तेव्हा मुख्य नदीत मासे सगळ्यात कमी असतात. 100 वर्षांचा गाळ, मेलेल्या शेवाळाचा, एकदम खाली जाणार होता. गेला. नदी चहाच्या नव्हे, चॉकलेटच्या रंगाची झाली. जलाशयांच्या जागी भेगाळलेल्या चिखलाची मैदानं. त्या चिखलात काही हरणं अडकून मेली. त्यांचे फोटो फिरले आणि विरोधकांनी 'सांगितलं होतं ना' म्हटलं. फेब्रुवारीच्या अखेरीस मत्स्यबीज केंद्रातली सुमारे 8 लाख 30 हजार सॅमन पिल्लं वरच्या अंगाला सोडली होती. ती आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना दाबातल्या फरकाने रक्तात वायूचे बुडबुडे होऊन मेली. बोगदा अजून काढलेला नसताना पिल्लं वर सोडायची गरज नव्हती, आणि पुढची पिल्लं मग धरणाच्या खाली सोडली. तळ्याकाठी ज्यांची घरं होती, त्यांच्या दारातलं तळं गेलं, काहींच्या विहिरी आटल्या. त्यांनी तर कुणाचा मासा पळवला नव्हता. हे सगळं 'यशोगाथे'त सांगत नाहीत, म्हणून सांगितलं.

मग मातीकाम. आयर्न गेटची माती ट्रकने उचलून, 60 वर्षांपूर्वी ज्या टेकडीतून खणली होती, तिथेच परत नेऊन घातली. हा तपशील मला फार आवडतो. उघड्या पडलेल्या जमिनीवर स्थानिक झाडागवतांचं बी टाकलं, अब्जावधी बिया, आणि त्यासाठीचं मूळ बी यूरोक लोकांसह अनेक हातांनी कितीतरी वर्षं आधीपासून डोंगरात फिरून गोळा केलेलं. परदेशी तण आधी उगवलं असतं तर खेळ संपला असता. वसंतात चिखलावर केशरी पॉपी फुलली. शास्ता लोकांची पाण्याखाली गेलेली जमीनही उघडी पडली. त्यातली सुमारे 2,800 एकर त्यांना परत द्यायचं कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने जाहीर केलं.

28 ऑगस्ट 2024 रोजी शेवटचे बांध फोडले आणि नदी स्वतःच्या पात्रात आली. शास्त्रज्ञांचा अंदाज होता, सॅमनला रस्ता उमगायला वेळ लागेल. साहजिक आहे, जिवंत माशांतल्या एकानेही वरचं पाणी पाहिलेलं नव्हतं. 16 ऑक्टोबरला, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते, ओरेगनमध्ये, चारही धरणांच्या जागांच्या वर, एका ओढ्यात चिनूक सॅमन दिसला. 1912 नंतर पहिल्यांदा. त्या हिवाळ्यापर्यंत काही हजार मासे आयर्न गेटची जागा ओलांडून गेले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी उचलून नेऊन सोडलं नव्हतं. पाणी थंड होतं आणि रस्ता मोकळा होता, एवढंच.

2025 च्या जूनमध्ये मूळनिवासी मुलामुलींचा एक गट कयाक घेऊन नदीच्या उगमाकडून निघाला. तुमच्याच वयाची मुलं, काही तर अजून शाळेतली. महिनाभर वल्ही मारत, 500 किलोमीटरच्या आसपास, जुलैत समुद्राला पोचली. काही वर्षं आधीपासून कयाकिंग शिकत होती, धरणं अजून उभी असताना! व्हिडिओ शोधून बघा, मी तीनदा पाहिलाय. पण त्यात एक गोष्ट दिसेल: दोन ठिकाणी ती मुलं पाण्यातून उतरून कयाक उचलून चालतात. कारण वर अजून दोन धरणं आहेत. लिंक रिव्हर आणि केनो. त्यांना शिड्या आहेत आणि ती शेतीच्या पाण्याशी जोडलेली आहेत, म्हणून ती पाडायच्या यादीत नव्हतीच.

तेव्हा भांडण मिटलेलं नाही. वरच्या सरोवरात शेताशिवारातलं फॉस्फरस उतरतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं आणि त्यातला प्राणवायू संपतो. दुष्काळ आला की शेतकरी आणि मासा पुन्हा समोरासमोर. फेब्रुवारी 2024 मध्ये शेतकऱ्यांची संघटना आणि तीन जमाती यांनी नदीच्या दुरुस्तीवर एकत्र काम करायचं सामंजस्यपत्र केलंय. 2010 च्या करारापेक्षा कितीतरी लहान, पण एकत्र. आणि कॅलिफोर्नियात सॅमनची व्यावसायिक मासेमारी 2023 पासून बंद होती, कारण इतर नद्यांतलीही अवस्था वाईट. धरणं गेली म्हणून ताटात मासा आला, असं अजून नाही.

तरी 2025 च्या शरदात चिनूक केनोची शिडी चढले. पुढे वरच्या सरोवरात गेले आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांपर्यंत पोचले. तिथल्या क्लॅमथ लोकांना 1864 च्या तहाने मासेमारीचा हक्क मिळालेला आहे. सॅमनच्या बाबतीत मात्र तो 100 वर्षांहून जास्त काळ नुसता कागदावर होता, कारण मासा येतच नव्हता. तिथल्या आज्या-आजोबांनीही आपल्या नदीत सॅमन पाहिला नव्हता, नातवंडांबरोबर पहिल्यांदा पाहिला.

2024 मध्ये घातलेल्या अंड्यांतली पिल्लं आता समुद्रात आहेत. ती परत यायला लागतील 2027 च्या सुमारास. तो आकडा आला की मी सांगेनच. तोवर तुमच्या गावात वलगणीला काय म्हणतात ते मला व्हॉइस मेसेजवर पाठवा, आणि मासे अजून चढतात का तेही. भेटू पुढच्या भागात.